नो डिस्प्ले आला की रॅमच्या आधी सॉकेट तपासा

पीसी बांधायचा ठरला की चर्चा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डापासून सुरू होते आणि एसएमपीएसपर्यंत, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यापर्यंत, येईतो बजेट संपलेलं असतं. मग कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर भागवलं जातं. भिंतीतल्या सॉकेटकडे तर कुणी बघतही नाही. कोल्हापुरात हा क्रम उलटा हवा. वळवात इथे विजा कडाडतात, जून ते सप्टेंबर हवा ओली असते, पेठांमधल्या जुन्या घरांत अर्थची तार पुष्कळदा नावालाच असते आणि आसपासच्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. बंद पडलेल्या किंवा ‘नो डिस्प्ले’ म्हणजे काळी स्क्रीन दाखवणाऱ्या पीसीच्या दुखण्याचं मूळ कितीतरी वेळा इथेच सापडतं.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही नेहमीची तक्रार. त्यावर ‘एसएमपीएस लीक आहे, बदला’ असं सांगितलं जातं. बदलूनही झिणझिण्या तशाच राहतात, कारण दोष त्याचा नसतोच. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यात फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून येणारा किरकोळ करंट अर्थच्या तारेतून जमिनीत जावा, अशी ती रचना आहे. अर्थ नसेल तर कॅबिनेटची बॉडी २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११० व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. एवढ्याशा करंटने माणसाला मोठा अपाय होत नाही. पण टीव्ही किंवा मॉनिटरची एचडीएमआय केबल चालू पीसीला लावताना तो पोर्टमधून वाट काढू शकतो आणि पोर्ट जातो.

सॉकेट तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. मीटर ७५० व्होल्ट एसीच्या रेंजवर ठेवा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. पण इथे मीटर फसवू शकतो. तो इतका कमी करंट ओढतो की अर्थची तार कशीबशी चिकटलेली असली तरी २३० दाखवतो. म्हणून वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॉटचा साधा बल्ब लावून बघून घ्या. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला तर अर्थ खरा, मिणमिणला तर कच्चा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताच तो पडेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, अर्थमधून करंट जातोय याचीच ती खूण.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी करू देऊ नका: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडणं. झिणझिण्या लगेच थांबतात, म्हणून हा उपाय सर्रास केला जातो. पण पुढे कुठे न्यूट्रल तुटला तर त्या अर्थला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू, कॅबिनेटसकट, थेट २३० व्होल्टवर येते. जीव जाऊ शकतो. त्यापेक्षा अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप ओलसर जागी पुरून नवीन अर्थिंग करून घ्या आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यात अधूनमधून पाणी घाला.

अर्थ नसताना महागडा स्पाइक गार्डही अर्धाच काम करतो. त्यातल्या एमओव्ही या संरक्षक भागाला जादा व्होल्टेज जमिनीत सोडायचं असतं आणि तीच वाट बंद असते. वळीव यायची चिन्हं दिसली की प्लग काढा, आणि त्याबरोबर लॅन केबलही. इमारतीच्या गच्चीवरच्या स्विचमधून तांब्याची लॅन केबल खाली आली असेल तर वीज जवळपास पडल्यावर पॉवर शाबूत राहून फक्त लॅन पोर्ट जळतो, कधी त्याच्याबरोबर मदरबोर्डही.

आता एसएमपीएस. हिशोब अवघड नाही. रायझन ५ ७६०० सारखा ६५ वॉटचा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत घेतो. आरटीएक्स ५०६० या ग्राफिक कार्डाचे १४५ वॉट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०-६० धरा. बेरीज ३०० च्या आत. ग्राफिक कार्ड क्षणभर उसळी मारतं, ती धरूनही चांगला ५५० वॉटचा पुरतो. ‘चांगला’ कशावरून ठरवायचं? डब्यावरच्या मोठ्या आकड्यावरून नाही, बाजूच्या लेबलवरून. तिथे १२ व्होल्टच्या खाली अँपिअर लिहिलेले असतात. खऱ्या ५५० वॉटच्या युनिटवर तो आकडा ४५ च्या आसपास दिसतो. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या ‘४५० वॉट’वर १६-१८ अँपिअर दिसले तर १२ ने गुणा: जेमतेम २०० वॉट.

त्याच लेबलवर इनपुट व्होल्टेजही वाचा. १०० ते २४० लिहिलं असेल तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (कमी व्होल्टेजही सांभाळून घेणारं सर्किट) असलेलं ते युनिट १७०-१८० व्होल्टवरही निवांत चालतं, वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. २०० ते २४० लिहिलेलं युनिट गावाकडे घेऊ नका. टकटक करणारा रिलेवाला स्टॅबिलायझर तर टाळाच. टप्पा बदलताना पडणाऱ्या खंडाने पीसी रीस्टार्ट होऊ शकतो.

घरी इन्व्हर्टर आहे, मग लाईट गेली की पीसी का बंद पडतो? डेस्कटॉपचा नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस भरलेल्या लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि इको मोड असं बटण असतं. यूपीएस मोडमध्ये बदल साधारण १० मिलिसेकंदांत होतो, इकोमध्ये ४० पर्यंत लागतात. बटण बदललं की काम झालं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर मात्र त्यावर पीसी चालवू नका. वेगळा यूपीएस घेताना ६०० व्हीए म्हणजे ३६० वॉट हे लक्षात ठेवा. गेम चालू असताना लाईट गेली तर तो काठावरच राहतो. ग्राफिक कार्ड असलेल्या पीसीला १००० व्हीएच्या पुढचाच घ्या.

बाकीच्या भागांबद्दल थोडक्यात. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० आणि ७५००एफ मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. वेगळं कार्ड घेणार असलात तरी ग्राफिक्सवाला प्रोसेसर परवडत असेल तर घ्या, उद्या बिघाड शोधताना कार्ड बाजूला काढून बघता येतं. रॅम १६ जीबीची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या. बोर्डवर बायोस (बोर्डमधला सुरुवातीचा प्रोग्राम) अपडेट करणारं फ्लॅशबॅकचं बटण असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही, कारण बी६५० बोर्ड जुन्या स्टॉकमधला निघाला तर तो रायझन ९००० मालिकेचे प्रोसेसर बायोस अपडेट केल्याशिवाय ओळखत नाही. फ्लॅशबॅक असला की एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकून, मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव देऊन, प्रोसेसरशिवायही अपडेट होतो.

ऑनलाइन किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काही भाग स्वस्त पडतात, ते खरं. तरी मदरबोर्ड आणि रॅम मी राजारामपुरीतल्या दुकानातूनच घ्यायला सांगेन. अडचण आली तर पीसी उचलून नेता येतो आणि काउंटरवर दुसरी रॅम लावून पाच मिनिटांत निकाल लागतो. जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीला तोच कामी येतो.

आता नो डिस्प्ले. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी. सॉकेट तपासून झालं की पहिल्यांदा मॉनिटरची केबल बघा. ग्राफिक कार्ड असताना ती मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली सापडण्याचं प्रमाण फार मोठं आहे. मग प्रोसेसरजवळचा आठ पिनांचा पॉवर प्लग. तो ४+४ असा फुटतो, ग्राफिक कार्डाचा ६+२ असा. दोन्ही दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा जोर लावून बसवू नका, वायरिंग उलटं असतं.

डीडीआर५ रॅम नवीन असेल तर जरा धीर धरा. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, तेव्हा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. दर अर्ध्या मिनिटाने पॉवर बटण दाबत बसलात तर ते कधी पूर्णच होत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

तरी काही आलं नाही तर बोर्डवरचे सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे लिहिलेले छोटे दिवे बघा. जो पेटून राहिला तिथे गाडी अडकली. डीरॅम असेल तर एकच रॅम ठेवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबून. पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्टीवर ओल आणि धूळ यांचा पुसटसा थर बसतो. खोडरबराने घासायची पद्धत आहे. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या स्वच्छ कापडाने पुसा, रबराचे कण स्लॉटमध्ये पडले तर नवी डोकेदुखी. मग प्लग काढून बोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. सेल ३ व्होल्टच्या बराच खाली गेला असेल, पीसीचं घड्याळ मागे पडत असेल तर तो बदलून टाका.

एवढ्यानेही हललं नाही तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस; प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही. पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. इथे चालू झाला तर दोष कॅबिनेटमध्ये आहे; बोर्डखाली जादा राहिलेला स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो पितळी खुंटा) हा नेहमीचा गुन्हेगार. कूलर काढायची वेळ आलीच तर एएम४ या जुन्या रायझनच्या सॉकेटवर आधी पीसी थोडा तापवून, कूलर डावी-उजवीकडे फिरवत काढा. प्रोसेसर आणि कूलरमधली थंड पेस्ट घट्ट धरते आणि सरळ ओढल्यास प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात.

पीसी चालतो पण मध्येच बंद पडतो, तेव्हा तो कसा बंद पडतो ते पाहा. गेम सुरू होताच दिवा गेल्यासारखा काळोख झाला तर संशय एसएमपीएसवर. निळी स्क्रीन येत असेल तर आधी रॅम: बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग) बंद करा आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावा. त्यात एकही चूक निघाली तरी ती रॅम नापास. विंडोजच्या नोंदींमध्ये दिसणारा ‘कर्नल पॉवर ४१’ हा पुरावा मानू नका. पीसी नीट शट डाउन न होता बंद पडला एवढंच तो सांगतो. एसएमपीएसची हिरवी तार काळ्या तारेला जोडून पंखा फिरतो का बघण्याच्या चाचणीतून तो जिवंत आहे इतकंच कळतं. खरी तपासणी लोडवर: गेम चालू ठेवून चार तारांच्या मोलेक्स प्लगच्या पिवळ्या आणि काळ्या तारेत डीसी व्होल्टेज मोजा. ११.४ च्या खाली गेलं तर बदला. एसएमपीएस उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टपेक्षा जास्त धरून असू शकतो.

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या कारखान्यांच्या ऑफिसातले पीसी वेगळीच काळजी मागतात. फाउंड्रीची आणि लेथवरची धूळ म्हणजे लोखंडाचा बारीक कीस. घरातल्या धुळीने पीसी फक्त तापतो, हा कीस ओल धरून बोर्डावर शॉर्ट करतो. तिथे काचेपेक्षा जाळीचे फिल्टर महत्त्वाचे: आत हवा घेणारे दोन पंखे फिल्टरसह, बाहेर टाकणारा एकच, म्हणजे फटींमधून धूळ आत ओढली जात नाही. फिल्टर दर आठवड्याला धुवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. आणि पावसाळ्यात वापर नसला तरी रोज अर्धा तास पीसी चालू ठेवा, स्वतःच्या उष्णतेने तो कोरडा राहतो.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशाऱ्यापर्यंत पोचली की नदीकाठच्या तळमजल्यावरचा पीसी माळ्यावर हलवा, ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीची वाट बघू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी ते शिकवलंय. तरीही पाण्यात बुडालाच तर ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबू नका. सेल लगेच काढा, कारण बोर्डवर ओल असताना त्या ३ व्होल्टनेही तांबं खायला लागतं. बोर्ड, रॅम आणि कार्ड स्वच्छ पाण्याने गाळ निघेपर्यंत धुवा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पंख्याच्या वाऱ्यावर तीन-चार दिवस. एसएमपीएस टाकून द्या. फिरणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये महत्त्वाचा डेटा असेल तर ती धुऊ नका, वाळवू नका, पॉवर तर अजिबात देऊ नका. ओलीच हवाबंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आत वाळलेला गाळ प्लॅटरवर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या तबकडीवर, चिकटला की तिथला डेटा परत मिळणं फार कठीण होतं.