शिफारस केलेली पॅकेजेस वगळताना

डेबियन या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एखादे पॅकेज (बसवण्यासाठी तयार बांधलेले सॉफ्टवेअर) ज्यांच्यावाचून चालूच शकत नाही ती पॅकेजेस 'डिपेंड्स'मध्ये लिहितात, अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास सोबत असायलाच हवीत ती 'रेकमेंड्स'मध्ये, आणि नसली तरी काही अडत नाही ती 'सजेस्ट्स'मध्ये. २००९ साली आलेल्या 'लेनी' आवृत्तीपासून एपीटी हे पॅकेजेस बसवणारे साधन 'रेकमेंड्स'मधील पॅकेजेसही आपणहून बसवते, आणि माझ्या मते तो निर्णय योग्यच होता.

डॉकरची इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेला साचा, लहान ठेवण्यासाठी मात्र या शिफारशी वगळणारा '--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' हा पर्याय सर्रास वापरला जातो. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचेच उदाहरण घ्या. त्याच्या शिफारशींमध्ये 'सीए-सर्टिफिकेट्स' (सर्व्हरची ओळख पडताळायला लागणारी विश्वासार्ह प्रमाणपत्रे), 'लेस' (लांब मजकूर पानापानाने दाखवणारे साधन) आणि एसएसएच क्लायंट (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणारे साधन) येतात. त्या वगळल्या तर गिट बसते, स्थानिक कमिटही (आपल्याच संगणकावर बदलांच्या नोंदी) होतात, पण एचटीटीपीएसवरून क्लोन करायला, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरील प्रकल्पाची प्रत घ्यायला गेल्यावर सर्व्हरचे प्रमाणपत्र पडताळता आले नाही, असा संदेश येतो. त्या संदेशात कोणते पॅकेज राहून गेले याचा उल्लेखही नसतो, त्यामुळे नवखा माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, पडताळणीच बंद करून टाकतो. असे कोणी करताना दिसले की मला खरोखर काळजी वाटते.

शिफारशी सरसकट वगळायच्याच असतील, तर आधी पॅकेजची माहिती दाखवणारी 'एपीटी शो' ही आज्ञा चालवून त्या यादीतील प्रत्येक नाव वाचावे आणि आपल्याला लागणारी पॅकेजेस डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) नावानिशी लिहावीत; 'सीए-सर्टिफिकेट्स' तर बहुतेक वेळा लागतेच.