तुमच्या घराला पायऱ्या किती होत्या?

परवा दुपारी आईला एक साधा प्रश्न विचारला आणि तिने उलट जे विचारलं त्याने मला रात्रभर झोप नाही, म्हणून लिहायला बसलेय. पण तो प्रश्न माझा नाही, तो मला कॅलिफोर्नियातल्या शेजारणीकडून मिळाला, तेव्हा आधी तिचं सांगते.

२०११ ते २०१३ आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहत होतो. शेजारी एक चिनी बाई, म्हणजे जन्म अमेरिकेतलाच, पन्नाशी उलटलेली, आणि तिची ऐंशी पार केलेली आई. आईला इंग्लिश जेमतेम आणि मुलीला आईची तोइसानची, म्हणजे दक्षिण चीनमधल्या त्यांच्या मुलखाची, बोली घरापुरती, जेवलीस का, औषध घेतलंस का, दार लाव, एवढीच. मला सुरुवातीला वाटायचं की ह्या दोघींना एकमेकींशी बोलायचंच नसतं. नंतर कळलं की बोलायचं फार होतं पण भाषा तेवढी उरलेली नव्हती, आणि जे सांगायचं ते सांगायची आईला सवयच नव्हती.

मुलीला आईबद्दल माहिती एकच वाक्य. लहानपणी बोटीने आली, बस.

मग तिला कुणीतरी सांगितलं की सॅन ब्रूनोला सरकारी अर्काइव्हज आहेत आणि तिथे जुन्या चिनी लोकांच्या फायली मिळतात. ती गेली आणि आईची फाईल खरोखर निघाली. १९३९ सालची. आठ वर्षांच्या पोरीचा फोटो, केस कानापर्यंत कापलेले, आणि खाली टाइप केलेले प्रश्न आणि उत्तरं, पानंच्या पानं. तुमच्या गावात घरांच्या रांगा किती? तुमचं घर कितव्या रांगेत? दार कुठल्या दिशेला? पायऱ्या किती? विहीर कुठे? तांदळाचं पिंप कुठे ठेवतात? शेजारच्या घरात कोण राहतं, त्यांना मुलं किती? आठ वर्षांच्या पोरीला हे सगळं, दुभाष्यामार्फत, अनोळखी साहेबांसमोर बसून.

का, तर १८८२ मध्ये अमेरिकेने कायदाच केला होता की चिनी मजुरांनी यायचं नाही. व्यापारी, विद्यार्थी असे थोडे चालायचे, आणि तिथल्या नागरिकाची मुलंबाळं चालायची. मग एप्रिल १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठा भूकंप झाला, मागोमाग आग लागली आणि जन्माच्या नोंदी जळून गेल्या, मग बऱ्याच चिनी माणसांनी सांगितलं की आमचा जन्म इथलाच, आता खोटं पाडायला कागद कुठून आणणार. आणि असा नागरिक झालेला माणूस चीनला जाऊन परत आला की सांगायचा, मला तिकडे मुलगा झाला. कधी झालेला असायचा, कधी नसायचा, पण कागदावर जागा तयार व्हायची आणि ती जागा पैसे देऊन दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला मिळायची. ह्यांना कागदी मुलगे म्हणायचे. मुली कमी असायच्या पण असायच्या. शेजारणीची आई तशी कागदी मुलगी होती.

म्हणूनच ते प्रश्न. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड म्हणून बेट आहे, १९१० ते १९४० चिनी लोकांना बोटीतून उतरवून आधी तिथे ठेवायचे, काहींना आठवडे, काहींना महिने, आणि बापाला वेगळं आणि पोराला वेगळं बसवून तेच प्रश्न विचारायचे. उत्तरं जुळली नाहीत तर परत पाठवायचे. त्यामुळे लोक गावातूनच वह्या घेऊन निघायचे, घराचा नकाशा, नातेवाईकांची नावं, सगळं पाठ करायचं आणि बोट किनाऱ्याला लागायच्या आत वही समुद्रात टाकायची.

ह्या पोरीने एक अख्खं घर पाठ केलं होतं जे तिने कधी बघितलंच नव्हतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. मुलीने फाईल आणून आईसमोर ठेवली आणि विचारलं, ह्यातलं तुझं घर कुठलं. तर आईला सत्तर वर्षांनंतरही ते पाठ केलेलं घर जसंच्या तसं आठवत होतं, पायऱ्या तीन, दार पूर्वेला, तांदळाचं पिंप चुलीच्या डाव्या अंगाला. आणि जिथे ती खरंच जन्मली त्या घरातलं एवढंच आठवत होतं की आईच्या पाठुंगळी बसून दारातून आत जाताना डोकं खाली घालावं लागायचं. बाकी काही नाही. एक पाठ ठेवता ठेवता दुसरं पुसलं गेलं.

आणि एवढी वर्षं बोलली का नाही? तो कायदा १९४३ मध्ये रद्द झाला खरा, पण वर्षाला १०५ चिनी लोकांनाच प्रवेश ठेवला, आणि पुढे १९५६ ते १९६५ सरकारने कबुलीजबाबाची योजना काढली की तुम्ही कागदी असाल तर स्वतःहून सांगा. आता एकाने सांगितलं की त्याच्या कागदावर आलेले सगळेच उघडे पडणार ना. भीती जाईल कशी? मुलगी शाळेत बोलून जाईल म्हणून मुलीला सांगितलं नाही, मग मुलगी मोठी झाली तेव्हा न बोलायची सवय झालेली होती. मुलीला मात्र आयुष्यभर वाटत राहिलं की आईला आपल्याशी मनातलं बोलावंसंच वाटत नाही.

आम्ही दोघी एकदा फेरीने त्या बेटावर गेलो होतो. बराकीच्या लाकडी भिंतींवर चिनी कविता कोरलेल्या आहेत, तिथे अडकलेल्या पुरुषांनी कोरलेल्या. इमारत पाडायच्या बेतात होती तेव्हा १९७० मध्ये तिथल्या एका रेंजरचं त्या अक्षरांकडे लक्ष गेलं म्हणून वाचल्या. मी विचारलं बायकांच्या कुठेत? बायकांना ठेवायचे ती दुसरी इमारत होती आणि ती १९४० मध्ये आगीत जळाली, म्हणजे बायकांनी काही लिहिलं असेल तर ते गेलं. मी तिथे उभी राहून आमच्या आज्जीच्या जात्यावरच्या ओव्यांचा विचार करत होते. एकही कुणी लिहून घेतली नाही. मीही नाही.

आता मालवणला, आमच्या घरी. मे महिना, आई आणि मी पडवीत रातांबे फोडत होतो. आई ७६ वर्षांची आहे पण हात अजून भराभर चालतात, रातांबा दोन बोटांत दाबायचा, सालं एका पातेल्यात, बिया दुसऱ्यात, मनगटापर्यंत लाल झालेली असते. मला आईच्या माहेराबद्दल काय माहीत होतं, तर आजोळ म्हणजे आचऱ्याच्या बाजूला आईच्या मामाचं घर, आणि "आजोबा मुंबईला गिरणीत होते, लवकर गेले". हे एकच वाक्य. लहानपणापासून तेच ऐकलं आणि मला ते पुरलं, ह्याचं आता फार वाईट वाटतं.

तर मी तिला शेजारणीच्या आईची ती गोष्ट सांगितली, आणि मग म्हटलं, आई तू सांग, तुमच्या घराला पायऱ्या किती होत्या?

आईचे हात थांबले. म्हणाली, "खयच्या घराच्यो?"

मला एकच घर माहीत होतं. मी म्हटलं, म्हणजे? दुसरं कुठलं?

मग जे निघालं ते तुकड्यातुकड्यात, मध्ये दोनदा उठून चहा करायला गेली आणि परत आली. आजोबा वारले तेव्हा ती सहा वर्षांची, मावशी चार. त्यांचं घर दुसरं होतं, खाडीच्या पलीकडे, आजोबांच्या भावांचं सामाईक घर. वर्षभरात आज्जीला तिथून निघावं लागलं. कुणी हाकललं नाही म्हणे, फक्त जेवायला हाक मारणं बंद झालं. हे वाक्य आईने इतक्या सहज सांगितलं. मग आज्जी दोन मुलींना घेऊन होडीतून भावाकडे आली आणि होडीत बसल्यावर तिने मुलींना बजावलं, "आता ह्याच आपला घर. थयचा नाव काढूचा नाय हां." कारण मामीला वाईट वाटू नये, हिचं मन तिकडेच आहे असं कुणी म्हणू नये, आसरा आहे तो टिकावा.

आणि दोघी मुलींनी नाव काढलं नाही. मामा गेला, मामी गेली, आज्जी जाऊन २६ वर्षं झाली, तरी काढलं नाही. मी चिडून नाही पण रडवेली होऊन विचारलं, मला का नाही सांगितलंस. तर म्हणाली, "तू इचारलंस खय?"

खरंच नव्हतं विचारलं. मी तिला लोणच्याचं प्रमाण विचारलं, आज्जीची भानोल्याची कृती विचारली, तिची साडी मागून घेतली, पण तुझं घर कसं होतं हे कधी विचारलं नाही.

मग मी शेजारणीच्या आईचे सगळे प्रश्न एकेक करून विचारले. दार कुठल्या दिशेला, खळ्यातून आत आलं की आधी काय, तांदूळ कुठे ठेवायचे, शेजारी कोण, त्यांना मुलं किती. गंमत बघा, बेटावर ज्या प्रश्नांना लोक थरथरायचे त्याच प्रश्नांना आईचा चेहरा उजळत होता. चिऱ्याच्या पाच पायऱ्या, पाचवी तुटलेली, तिथून आजोबा तिला उचलून घ्यायचे. आजोबांचा चेहरा आठवत नाही, पण काखेत धरलेले हात आठवतात. माजघरात भाताची कणगी, तिच्या मागे मांजर व्यायली होती. कालनिर्णयचं गेल्या महिन्याचं पान उलटं करून तिने लाल झालेल्या बोटांनीच पेन धरून घर काढायला घेतलं, पानावर सगळीकडे कोकमाचे डाग आहेत.

विहिरीपाशी अडली. घराच्या डाव्या अंगाला की उजव्या, नक्की होईना. मग डोंबिवलीला मावशीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. आईने सरळ विचारलं, "गो, थयची बाव खयच्या बाजूक होती?" पलीकडे एवढा वेळ आवाज नाही की मला वाटलं फोन कटला. मग मावशी म्हणाली, "उजव्या." आई म्हणाली डाव्या. मावशी म्हणाली, तुला काय माहीत, मी त्या रहाटाखाली पडले होते, मला माहीत. आई म्हणाली तू चार वर्षांची होतीस, तुला काय कळतंय. तासभर चाललं होतं दोघींचं, मध्येच दोघी रडायच्या, मध्येच परत विहिरीवर यायच्या, आणि मी पातेलं पुढ्यात घेऊन नुसती बसले होते.

ते पान मी कपाटात ठेवलंय. त्यावर सध्या दोन विहिरी आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे, कारण आई आपली खोडू देत नाही आणि मावशीने फोनवर बजावलंय की तिचीही काढ. मावशी गणपतीला येतेय. आई म्हणतेय, तोपर्यंत पानाला हात लावू नकोस.