फ्वा: अंजिराने घातलेला घोळ

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की फ्रेंच ‘फ्वा’चं, म्हणजे यकृताचं, व्युत्पत्तीचं कार्ड पूर्ण झालं. शब्द मागे घेतो. कार्डभर लाल शाई झाली आहे.

अर्थाची बाजू भक्कम आहे. यकृताला लॅटिनमध्ये ‘येकुर’. रोमन लोक डुकरं, हंस अंजीर चारून पोसायचे. रोमन कवी होरेसने रंगवलेल्या मेजवानीत पांढऱ्या हंसिणीचं असंच यकृत वाढलंय. त्याला म्हणायचे ‘येकुर फीकातुम’ (अंजिराचं यकृत; ‘फीकुस’ म्हणजे अंजीर), ग्रीक ‘सुकोतॉन’ची सरळ नक्कल. पुढे येकुर गळालं, अंजीर तेवढं उरलं. ८व्या शतकातल्या, अवघड लॅटिन शब्दांचे सोपे अर्थ देणाऱ्या रायखेनाउच्या शब्दसूचीत तर ‘येकुर’पुढे ‘फिकातो’ असा अर्थ द्यावा लागलाय. ही नोंद सापडली तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवल्या होत्या.

घोडं अडलं उच्चारात. मी ऱ्हस्व ‘इ’ धरून, लॅटिन ‘फिदेम’चं दुसरं ‘फ्वा’ (श्रद्धा) झालं त्याच वाटेने मजेत पोचलो होतो. कारण काय, तर जुन्या बाजारातून आणलेल्या माझ्या लॅटिन कोशात ऱ्हस्वदीर्घाच्या खुणाच नाहीत! असला कोश कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. ‘फीकुस’मधली ई दीर्घ आहे, आणि दीर्घ ई फ्रेंचमध्ये ईच राहते: वीता–वी, फीलुम–फिल. त्यात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, ‘का’वर, म्हणजे शेवटी ‘ए’ हवा, प्रातुम–प्रे सारखा. ‘फ्वा’ येतो कुठून?

तीन रात्री डोकं पिकवल्यावर इतर भाषांतली भावंडं शेजारी मांडली. रोमानियन ‘फिकात’: आघात जिथल्या तिथे. स्पॅनिश ‘इगादो’: आघात पहिल्या अक्षरावर सरकला, इ टिकली. इटालियन ‘फेगातो’: दोन्ही हललं. म्हणजे बिघाड एक नाही, दोन आहेत! एवढ्यावरही मी खूश आहे. ग्रीक शब्दाच्या धक्क्याने आघात सरकला, हे नेहमीचं उत्तर. पण ग्रीकमध्ये तो शेवटच्या अक्षरावर आहे, पहिल्यावर नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ गॅस्तों पारीपासून पंडित यावर भांडतायत.

पुढचा नंबर ‘फ्वा’चा होता, ‘खेप’ अर्थाच्या. तो आता थांबेल. येकुर खोडताना लक्षात आलं: लॅटिन येकुर–येकिनोरिस, संस्कृत यकृत्–यक्नस् (यकृत–यकृताचं). तोच र, तोच न! फ्रेंचांनी टाकलेला शब्द आपल्या डॉक्टरच्या रिपोर्टात जिवंत आहे. संस्कृतची पिवळी कार्डं संपलीत, उद्या आणतो.