रोज 11 ला वाजणारा अलार्म

एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथं, काऊन्सेलर आहे मी, दिवसभर एकच प्रश्न विचारत असते, गोळ्या वेळेवर घेता ना? त्या दिवशी एका मावशींना तोच प्रश्न विचारला पण जरा चिडूनच. वय 62, एचआयव्ही कळून 20 वर्षं झालेली, कधी तारीख चुकवली नाही, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, कायम टेस्टमध्ये न सापडण्याइतका कमी. नवीन बायकांना आम्ही त्यांचं उदाहरण द्यायचो. आणि त्यांच्याच बाटलीत महिना संपला तरी 11 गोळ्या शिल्लक.

मी सुरू केलं नेहमीचं, गोळी चुकली की व्हायरस परत वाढतो, रेझिस्टन्स येतो, मग औषध लागू पडत नाही वगैरे. त्या मान हलवत ऐकत होत्या. तेवढ्यात पर्समध्ये मोबाईल वाजला. काढला, स्क्रीनकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हे रोज 11 ला वाजतं बघा ताई, कशाला लावलंय कोण जाणे, मी आपली बंद करून टाकते."

तो अलार्म मीच लावून दिला होता, गोळीसाठी. नाव मुद्दाम टाकलं नव्हतं, घरात कुणाला कळायला नको ही त्यांचीच अट.

माझं लेक्चर तिथंच थांबलं. मग हळूहळू त्या बोलायला लागल्या. गोळी घेतली की नाही आठवत नाही, डबल होईल या भीतीनं घेतच नाही. बाटली लपवायची जागा सारखी बदलतात आणि मग ती जागाच विसरतात. लेबल नखानं खरवडून काढलेलं, त्याचा चिकटा अजून बाटलीला होता. इतकी वर्षं ज्या लपवाछपवीच्या जोरावर घर सांभाळलं तीच आता अंगाशी येत होती.

आमच्याकडे इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल नावाची छोटी टेस्ट आहे, एचआयव्हीमुळे मेंदूच्या कामावर परिणाम झालाय का याचा अंदाज घ्यायची, 12 मार्कांची, 10 किंवा कमी आले तर पुढे तपासायचं. सेंटरमध्ये छापील कागद पडून होते, मी स्वतः क्वचितच वापरलेले, याची मला आजही लाज वाटते. चार शब्द सांगितले. मग अंगठा आणि तर्जनी पाच सेकंदात जमेल तितक्या भरभर टेकवायला सांगितली, 15 वेळा व्हायला हवं, त्यांचं 8 वेळा झालं. मूठ, सपाट तळवा, उभा तळवा हा क्रम दोनदाच जमला. शेवटी चार शब्दांतले दोन आठवले, तिसरा "प्राणी होता" म्हटल्यावर पटकन आला. म्हणजे आत साठवलेलं होतं, वेळेवर बाहेर येत नव्हतं. एकूण साडेसहा.

व्हायरल लोड दबलेला म्हणजे मेंदू सुरक्षित असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण व्हायरस अगदी सुरुवातीलाच मेंदूत पोचतो, तिथल्या संरक्षक पेशींमध्ये ठाण मांडतो आणि औषधं चालू असली तरी थोडी सूज राहू शकते. त्यात आधी वेग, लक्ष, कामाचा क्रम लावणं यावर परिणाम होतो, माणसं ओळखण्यात काही अडत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं वयामुळे होतंय. बायकांच्या बाबतीत मेनोपॉजनंतरची मोडलेली झोप, डिप्रेशन, वर्षानुवर्षं एकटीनं गिळलेलं टेन्शन, हे सगळं त्यावर चढतं.

डॉक्टरांनी लगेच एचआयव्हीवर खापर फोडलं नाही हे मला फार पटलं. बी12, थायरॉईड, व्हायरल लोड, मूड सगळं बघितलं आणि झोपेसाठी काय घेता हेही विचारलं. तर मावशी दोन वर्षं रोज रात्री सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेत होत्या, दुकानातून स्वतःच आणून. असल्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती आणखी गोंधळते. ती हळूहळू बंद केली, नंतर बी12 पण कमी निघालं. काही महिन्यांनी त्यांचा वेग बराच सुधारला, सगळा नाही.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. निघताना वारांचे खण असलेला साधा डबा दिला, व्हिटॅमिनचा वाटेल असा. रिकामा खण म्हणजे घेतली, भरलेला म्हणजे राहिली, आठवायचं कामच नाही. मग अलार्मला नाव काय देऊ विचारलं. बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "चष्मा पुसणे, असं लिहा." मी टाईप केलं, वाजवून दाखवलं, त्यांनी अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. आजची गोळी घेतली नव्हती हे नक्की होतं, 11 ला त्या माझ्यासमोरच बसल्या होत्या. त्यांनी डब्यातला आजच्या वाराचा खण उघडला आणि माझ्याकडे पाणी मागितलं.