धोक्याची पातळी सहा फूट

"सांगली, पायानं तळ शोधू नका!" पोहायला शिकवणारे सर सकाळी टँकच्या काठावरून एवढंच ओरडले. ओरडायचा पगार मिळतो त्यांना, शिट्टी कायम गळ्यात. बाजूच्या माणसाला तर याहून वाईट बोलले आणि तो हसून परत पाय मारायला लागला. मी मात्र ते वाक्य ऑफिसात घेऊन गेलो, जेवताना शेजारी घेऊन बसलो आणि आता रात्री इथं घेऊन आलोय.

सांगली म्हणजे मी. बॅचच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना गाव विचारलं होतं. मी सांगितल्यावर सर म्हणाले, "सांगली? म्हणजे नदीकाठचे! मग इथं काय करताय?" सगळे हसले, मीही हसलो. तेव्हापासून नाव गेलं आणि सांगली राहिली. सांगली हात लांब टाका, सांगली मान खाली, सांगली कठडा सोडा. अख्ख्या जिल्ह्याची अब्रू मी साडेतीन फूट पाण्यात घालवतोय असं वाटतं.

मला पोहता येत नाही असं नाही. येतं म्हणावं असंही नाही. भिंतीला पाय लावून निघतो, हात बऱ्यापैकी पडतात, बुडबुडे निघतात. काठावर लाल रंगात आकडे रंगवलेत. साडेतीन, चार, पाच, सहा. श्वासाला मान वळवली की आकडा दिसतो. माझी उंची पाच फूट आठ इंच, म्हणजे पाचच्या आकड्याशी उभा राहिलो तरी नाक पाण्याबाहेर. तिथपर्यंत सगळं ठीक. पुढं फरशी उताराला लागते आणि सहाचा आकडा दिसायच्या आतच डावा पाय आपला आपण खाली जातो. अंगठा ताणून फरशी चाचपतो. शेवाळ नसलं तरी फरशी गुळगुळीत, अंगठा घसरतो. पाय खाली म्हणजे डोकं वर, डोकं वर म्हणजे कंबर बुडाली, मग हात नुसते पाण्यावर आपटायचे आणि शेवटी कठडा. नाकातोंडात पाणी, डोळ्यांच्या मागं क्लोरीनची आग.

लोकांना वाटतं, मला भीती वाटते म्हणून पाय खाली जातो. तसं नाही होत. पाय खाली गेला की मला कळतं, भीती वाटली होती. आणि आज हे काठावरून दिसलं. "घाबरू नका" म्हणाले असते तर काही वाटलं नसतं, ते सगळ्यांनाच म्हणतात. "तळ शोधू नका" म्हणजे तो अंगठा दिसला. मला वाटायचं, ते पाण्याखाली आहे, माझं मला माहीत.

आमच्याकडं पाणी फुटांतच कळतं. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, आयर्विन पुलाला किती फूट? चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. शाळकरी पोराला पाढे येत नसतील, पण हे येतं. अडतीस झालं की सामान माळ्यावर टाकायचं की नाही यावर घरात मतभेद सुरू. अशा गावच्या माणसाची धोक्याची पातळी सहा फूट! ती सुद्धा स्वच्छ, निळ्या, बाजूला शिट्टीवाला माणूस उभा असलेल्या पाण्यात.

बाबा आयर्विनवरनं उड्या मारायचे. 1929 सालचा दगडी पूल, खाली कृष्णा पुराची. उडी मारून वाहत्या पाण्याबरोबर जायचं आणि पुढच्या घाटाला लागायचं. पोलीस हाकलायचे, ही पोरं पुलाच्या दुसऱ्या टोकानं परत यायची. अजूनही येतात. बाबांना पोहायला कुणी शिकवलं नव्हतं. पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधला, माईघाटावर नेलं, मागनं ढकललं. काकांच्या वेळी डबा सापडला नाही तर वाळका भोपळा बांधला. "शिकवायचं काय त्यात? ढकलायचं असतंय," हे त्यांचं शास्त्र.

मला ढकलायच्या वयात 2005 चा महापूर आला. 53 फुटांच्या वर. मी पहिलीत. त्यानंतर आईनं नदी हा विषयच संपवला. बाबांनी एकदोन उन्हाळे काढलाही, तर तिच्याकडं मगर तयार होती. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, कुठं ना कुठं काठावर मगर दिसल्याचा फोटो पेपरात असायचाच. आई ते कात्रण काढून फ्रिजवर लावायची. मगर खरी होती त्यामुळं वादच मिटला. (मगरीनं माझ्या बाबतीत काही न करता किती केलं!)

त्यात शेजारी कोल्हापूर. 2008 ला वीरधवल खाडे बीजिंग ऑलिम्पिकला गेला, वय सोळा. आमच्याकडं येणारा प्रत्येक पाहुणा ते मला सांगून गेला. दोन वर्षांनी त्यानं आशियाई स्पर्धेत बटरफ्लायमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हा परत तेच पाहुणे. मी तेव्हा आंघोळीला बादलीच बरी म्हणायचो.

बाबा मात्र कधी काही बोलले नाहीत. तू का नाही शिकलास, एवढंही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

2019 ला 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा मी कॉलेजात होतो, सुट्टीला घरी. आम्ही सगळे गच्चीवर. गल्लीतली पोरं ट्रकच्या ट्यूबा घेऊन पाण्यात उतरलेली. कुणाची औषधं, कुणाचं दूध, पलीकडच्या वाड्यातल्या आजी. माझ्याबरोबर दहावीपर्यंत एका बाकावर बसलेला पोरगा खालनं गेला, त्यानं वर बघितलं. मला चल म्हटलं नाही. त्याला माहीत होतं.

हे आज लिहायचं नव्हतं.

तर टँक. मला कुणी विचारलं, या वयात कशाला आता, तर उत्तर नाही. फिटनेस म्हणतो. सव्वासहाच्या बॅचला आमच्यासारखे बरेच आहेत, पण त्यांना स्वतःचं हसू येतं. एक बाई गेले कित्येक दिवस फक्त कठडा धरून पाय मारतात आणि दुसऱ्या बाईंशी भिशीवर बोलतात. त्यांना सहा फुटांकडं जायचंच नाही. किती सुखी आहेत! मला धड त्यांच्यासारखं बसता येत नाही, धड पुढं जाता येत नाही.

मला लाज नक्की कसली वाटते हे मी आज दिवसभर तपासत होतो. पोहता न येण्याची नाही. ऑफिसात निम्म्या लोकांना येत नाही, ते छातीठोक सांगतात. मोठेपणी शिकण्याचीही नसावी, गाडी मी चोविसाव्या वर्षी शिकलो, त्यात काही वाटलं नाही. लाज त्या अंगठ्याची आहे. एवढा बाप्या माणूस, ईएमआय भरतो, आणि पाचच्या पुढं गेला की खाली कुणी धरलंय का बघतो.

बरं, आता कराड.

कराड म्हणजे मागच्या आठवड्यात आलेला एक पोरगा. चाकणला नोकरी, खांदे असे की टँकमध्ये उतरला तर पाणी बाहेर यावं. सरांनी गाव विचारलं, त्यानं कराड सांगितलं, झालं नामकरण. तो पट्टीचा पोहणारा. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेच्या मधे वाढलेला, नदी आडवी पार करतो म्हणे. मग इथं काय करतोय? तर कंपनीच्या स्पर्धेत उतरायचंय म्हणून पद्धतशीर शिकायचंय. आणि पद्धतशीर म्हटलं की तो संपतो. नदीत डोकं वर ठेवून पोहतात, समोरनं ओंडका येतोय का, म्हैस येतेय का, काठ किती राहिला ते बघत. त्याचं तोंड पाण्यात जातच नाही. गेलं की ठसका. सर त्याला म्हणाले, "कराड, मान खाली! समोर काही नाहीये, भिंत आहे, ती कुठं जात नाही." आणि पाठवलं माझ्या शेजारी, साडेतीन फुटांत.

आज मी कठड्याला लटकून ते तळाचं वाक्य चघळत होतो आणि हा शेजारी खोकत होता.

"तुझं तोंड पाण्यात कसं काय जातंय रे?" त्यानं विचारलं.

"मला तळ दिसतो ना तोंड घातलं की."

"मग?"

"मग बरं वाटतं."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण सहा फुटांत पण दिसतोय की तळ. पाणी स्वच्छाय. आमच्या नदीत वीतभर दिसत नाही, तरी जातोच की."

यावर मला बोलायला काही सुचलं नाही. सुचलं ते असं, की तुमची नदी म्हणजे आमचीच. तो म्हणाला, "आमचीच. आमच्याकडनं येतंय पाणी तुमच्याकडं." म्हटलं, माहितीय, कोयनेचं सोडलं की आमच्या स्वयंपाकघरात येतं. तो म्हणाला, "आम्ही काय चावी घेऊन बसलोय व्हय? आणि तुमच्यात फुगतंय ते अलमट्टीमुळं." आता अलमट्टी निघाल्यावर सांगलीचा माणूस गप्प बसतो का? पाच मिनिटं आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून कर्नाटकाच्या धरणाची उंची काढत होतो. मी तर हातानं पाण्यावर नकाशा दाखवत होतो. शिट्टी वाजली. "कृष्णा खोरं, गप्पा झाल्या असतील तर पोहा!"

भिशीवाल्या बाईसुद्धा हसल्या.

नंतर सरांनी जाताना मला थांबवून सांगितलं, अगदी साध्या आवाजात, की तुम्हाला दम लागत नाही, तुम्ही पाचच्या पुढं श्वास सोडायचंच बंद करता. हवा आत कोंडली की जीव घाबरतो, मग पाय खाली जातो. म्हणजे अंगठा हा शेवट आहे, सुरुवात नाही. बुडबुडे चालू ठेवा, पायाचं पाय बघेल. मी हो म्हटलं. त्यांच्या लेखी हे यंत्राच्या दुरुस्तीसारखं होतं, इथला नट सैल आहे, आवळा. मी इकडं 2005 पासूनची फाईल काढून बसलोय.

आणि बुडबुड्यांचं कळलं म्हणून उद्या मी सहा पार करीन असंही नाही. कदाचित काही माणसं पाच फुटांपर्यंतच पोहणारी असतात. तशी असायला कायद्यानं बंदी नाही. आयर्विनवरनं मी उडी मारणार नाही हे आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे गणपतीत घरी गेल्यावर कुणी अपेक्षेनं बघायला नको. बाबांना मात्र एकदा विचारायचंय, पहिल्यांदा डबा सोडला तेव्हा पाय कुठं होते तुमचे. फोनवर नाही विचारता येणार. समोर बसल्यावर येईल असंही काही नाही.

पुढच्या महिन्याची फी भरली. आईला जिमची म्हणून सांगितलंय. सकाळी व्हिडिओ कॉल करते, केस ओले कसे विचारते. घाम, म्हणतो. काल म्हणाली, एवढा घाम येतोय तर ताकात मीठ घालून पी. पितोय.