आणि बंधू

आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानाची पाटी गेल्या दिवाळीत नव्यानं रंगवली. रंगाऱ्यानं आडनाव तेवढं ठेवलं, पुढच्या ‘आणि बंधू’वर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. एकच हात मारला असणार, कारण दुपारचं ऊन तिरपं पडलं की ‘बंधू’चा दीर्घ उकार खालून डोकावतो.

काय झालं, हे मालकाला विचारायचा धीर मला झालेला नाही. विचारलं तरी एकाच भावाची हकिगत कळणार.

ती पाटी बघितली की मला अमेरिकेतले ड्युरिया बंधू आठवतात. तेही मूळचे सायकलवालेच. थोरला चार्ल्स, त्याच्याहून आठ वर्षांनी धाकटा फ्रँक. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी त्यांनी 70 डॉलरना एक जुनी बग्गी घेतली आणि तिला घोड्याऐवजी इंजिन जोडायचं ठरवलं. आराखडे बरेचसे चार्ल्सचे. पण 1892 मध्ये तो सायकलच्या धंद्यापायी पिओरियाला निघून गेला आणि न चालणारं इंजिन फ्रँकच्या गळ्यात पडलं. फ्रँकनं ते जवळजवळ नव्यानं केलं. सप्टेंबर 1893 मध्ये बग्गी रस्त्यावर धावली.

मग 1895 ची शिकागोची शर्यत. नोव्हेंबरचा शेवट, रस्त्यावर बर्फाचा चिखल, 54 मैलांचा पल्ला. सहा गाड्या निघाल्या, दोन पोहोचल्या. वाटेत फ्रँकच्या गाडीचा सुकाणूचा दांडा मोडला. लोहाराचं दुकान गाठून त्यानं तो नीट केला आणि पुढं निघाला. सकाळी नऊच्या सुमारास निघालेला हा गडी संध्याकाळी सातनंतर पहिला आला. बक्षीस 2000 डॉलर.

त्याच वर्षी कंपनी उभी राहिली आणि 1896 मध्ये तिनं एकाच नमुन्याच्या तेरा गाड्या केल्या. विकण्यासाठी एकासारखी एक गाडी करणं अमेरिकेत तिथून सुरू झालं. एक गाडी तर बार्नम अँड बेली सर्कशीच्या मिरवणुकीत हत्तींच्या संगतीनं फिरली. दुसरी एक न्यूयॉर्कमध्ये सायकलस्वाराला धडकली. सायकलवाल्यांच्याच गाडीनं सायकलला उडवावं, याला काय म्हणावं!

1898 मध्ये कंपनी बंद. भाऊ वेगळे झाले, पुढं दोघांनीही आपापल्या गाड्या काढल्या. पण पहिली गाडी कुणाची, हा वाद काही सुटला नाही. थोरला म्हणे, कल्पना माझी. धाकटा म्हणे, तेल माझ्या हाताला लागलंय. चार्ल्स 1938 मध्ये गेला. फ्रँक 1967 पर्यंत जगला, म्हणजे आपली बाजू सांगायला त्याला एकोणतीस वर्षं जास्तीची मिळाली. मी घरात धाकटा, त्यामुळे माझं मत कुणाला पडणार ते उघड आहे. तरी आराखडाच नसता तर फ्रँकनं दुरुस्त काय केलं असतं, हेही मधूनच टोचतं.

परवा पंक्चर काढायला गेलो होतो. चाक सोडवताना मालकानं पाना माझ्या हातात धरायला दिला. झिजून गुळगुळीत झालेल्या दांड्यावर ठोकून काढलेली दोन अक्षरं होती. एक त्याच्या नावाचं. दुसऱ्यावरून मी अंगठा फिरवला आणि पाना परत दिला. त्यानं हवा भरली, टायर दाबून बघितला आणि सुट्टे मागितले.