तुम्ही विचारलंत म्हणून: आर्मेनियाचं मला एवढं काय?

लग्नाकार्यात भेटलेली माणसंसुद्धा हे विचारतात. "ताई, मोडी शिकायची सोडून तुम्ही आर्मेनियन अक्षरं कशाला गिरवत बसलात?" जरा ओळखीतला असला तर पुढचंही विचारतो, "आणि मठातले शिलालेख नि तो तुमचा विनोदी लेखक, यांचा एकमेकांशी संबंध काय?" दोन्हींचं उत्तर माझ्याकडे एकच आहे: हिशेब.

तीस वर्षं मी जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या. ऑफिस फोर्टात. जाता-येता मेडोज स्ट्रीटवरचं आर्मेनियन चर्च लागायचं. सेंट पीटर्स, मूळ १७९६ सालचं, १९५७ मध्ये नव्याने बांधलेलं. ही माणसं कोण, कुठून आली, एवढ्या कुतूहलातून मी वाचायला लागले. वाचता वाचता कळलं की आर्मेनियातल्या मठांच्या भिंती म्हणजे उघड्यावर मांडलेल्या खातेवह्या आहेत.

भिंतीवरचा लेख बहुधा "मी" म्हणून सुरू होतो. मी अमुक, अमुकाचा मुलगा, या मठाच्या संघात सामील झालो. द्राक्षमळा दिला, गिरणी दिली. त्या बदल्यात मठाने वर्षातून इतके दिवस माझ्या नावाने प्रार्थना करायची, अमुक सणाला. जमा आणि नावे, दोन्ही बाजू एकाच दगडावर. शेवटी शाप: हा करार मोडेल त्याला ३१८ धर्मपित्यांचा शाप लागो. हे ३१८ म्हणजे ३२५ साली निकियाच्या धर्मसभेला जमलेले धर्मगुरू. तो शाप पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आपले गधेगाळ, म्हणजे दानाच्या नोंदीखाली शाप कोरलेले दगड, आठवले. अलिबागजवळच्या आक्षीचा, शके ९३४ चा, तोही दान मोडणाऱ्याला असाच धाक घालतो. दान देणाऱ्याच्या मनातली धाकधूक इथून तिथून सारखीच.

त्यांचे आकडेही अक्षरांतच लिहिलेले असतात. मेस्रोप माश्तोत्सने ४०५ च्या सुमारास ३६ अक्षरं रचली आणि त्यांना एककापासून हजारापर्यंत किमती मिळाल्या. आनी शहरात तिग्रान होनेन्त्स या व्यापाऱ्याने बांधलेलं चर्च आहे. आनी आज तुर्कस्तानात येतं. तिथल्या भिंतीवर त्याने दिलेल्या मालमत्तेची भलीमोठी यादी आहे. साल आहे 'वो', 'केन', 'दा': सहाशे, साठ, चार. आर्मेनियन कालगणनेतल्या ६६४ मध्ये ५५१ मिळवा, इसवी सन १२१५ येतं. ही बेरीज पहिल्यांदा जमली त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता तो विनोदी लेखक. हागोप बारोन्यान, १८४३ ते १८९१, कॉन्स्टँटिनोपलचा. आर्मेनियन त्या शहराला बोलिस म्हणतात. पोटासाठी त्याने औषधाच्या दुकानात काम केलं, हिशेबनीस म्हणूनही केलं. माझ्या मते तो शेवटपर्यंत हिशेबनीसच राहिला. १८८० मध्ये त्याने बोलिसच्या आर्मेनियन वस्त्यांतून फेरफटका मारत एकेका मोहल्ल्याचं वर्णन लिहिलं. शाळेची अवस्था काय, चर्चच्या कारभाऱ्यांचं लक्ष कुठे आहे, गरिबाच्या घरात काय चाललंय. मठाच्या भिंतीवर दिलेलं नोंदलं जायचं, बारोन्यानने न दिलेलं नोंदलं. सुलतान अब्दुल हमीदच्या राज्यात हे छापायचं म्हणजे सेन्सॉरशी रोजची झुंज होती.

त्याचं 'सन्माननीय भिकारी' मला सगळ्यांत जवळचं. ट्रॅबझॉनचा पैसेवाला अबिसोघोम आगा बायको शोधायला बोलिसला उतरतो. धक्क्यावरच एक संपादक त्याला गाठतो: तुम्ही आल्याची बातमी आमच्या पेपरात देतो, वर्गणीदार व्हा. मग कवी येतो, आणखी कोण कोण येतात, प्रत्येकाला आगाच्या पैशातून काही हवं असतं. लोक पोट धरून हसतात. मला मात्र त्या आगाचं मन कळतं. आपलं नाव कुठेतरी लिहिलेलं असावं ही त्याची इच्छा गिरणी देणाऱ्या दात्याच्या इच्छेपेक्षा वेगळी नाही. संपादकाकडे ते वर्षाच्या वर्गणीत मिळतं, एवढंच. बारोन्यानला ही घसरण जिव्हारी लागलेली दिसते, म्हणूनच तो इतका कडवट होतो. ज्याचं आपल्या माणसांवर प्रेम नाही त्याला असं लिहिता येणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

निवृत्तीनंतर आर्मेनियाला एकदाच गेले, गेगार्दच्या मठात. येरेवानपासून गाडीने तासाभरावर, अझात नदीच्या घळीत. अखंड कातळात कोरलेली दालनं, आपल्या लेण्यांसारखी. आत ओल, मेणबत्त्यांची काजळी. वरच्या दालनात एका खांबावर १२८८ सालचा लेख आहे. ते दालन पापाक आणि त्याची बायको रुझुकान यांनी कोरवून घेतलं. अक्षरं एकमेकांत गुंतवलेली, एकाची दांडी दुसऱ्याला आधार देणारी, जागा वाचवण्यासाठी. चष्मा पुसून मी एकेक अक्षर सोडवत होते. आमच्या गटातले लोक बाहेर गाडीशी थांबले होते, कुणीतरी हाकही मारली. 'रुझुकान' पूर्ण जुळेपर्यंत मी तिथून हलले नाही.